धागा: अठ्ठेचाळीस मुलं, चार पानं आणि आमच्या घरातला प्रश्न

गणितवाल्या_बाई (४ मार्च, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. वैद्यकशास्त्राचा आणि माझा संबंध गेल्या वर्षापर्यंत ताप-खोकल्यापुरताच होता.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या डाव्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग, निघाला. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. गाठीने जवळजवळ अख्खा डोळा व्यापला होता, त्यामुळे डोळा काढावा लागला. आता पोर मस्त आहे. कृत्रिम डोळा बसवलाय, दिवसभर घर डोक्यावर घेते.

बहिणीला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: मोठीची जनुक चाचणी करा, आणि येणाऱ्या बाळाचे डोळे जन्मल्यापासून तपासत राहा. बहीण म्हणते, "सासरी-माहेरी कुणालाच हे नाही. मग तान्ह्या बाळाला भूल देऊन तपासायचं कशाला?" मला उत्तर देता येईना, म्हणून वाचायला बसले आणि वाचता वाचता आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या १९७१च्या निबंधापाशी पोचले. तो वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

निबंध अवघा चार पानांचा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात आलेली ४८ मुलं, सगळ्यांना हाच आजार. नुडसन यांनी या कामासाठी परीक्षानळी धरली नाही की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. प्रत्येक मुलाचा आजार कितव्या महिन्यात कळला आणि एका डोळ्यात होता की दोन्ही, एवढंच केसपेपरवरून टिपलं. मग अमुक वयापर्यंत किती मुलांचं निदान व्हायचं बाकी होतं याचा आलेख लॉगच्या कागदावर काढला. दोन्ही डोळेवाल्यांचे बिंदू सरळ रेषेत आले. एका डोळेवाल्यांची रेषा आधी खांद्यासारखी गोलावून मग खाली उतरली.

मी हे दरवर्षी फळ्यावर काढते! सरळ रेषा म्हणजे एकच घटना घडायची बाकी आहे. खांदा म्हणजे एकामागून एक दोन घटना लागतात. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचं गणित आणि लहान मुलाच्या डोळ्यातल्या गाठीचं गणित एकाच कागदावर बसलेलं पाहून मला रात्री झोप आली नाही.

माझे प्रश्न दोन. घरात कुणालाच नसताना हा आजार आनुवंशिक असू शकतो का? आणि नुडसन यांचं गणित आमच्यासारख्या घराला नेमकं काय सांगतं? जाणकारांनी कृपया लिहावं.

तांबडीमाती (४ मार्च, रात्री १०:२०)

बाई, धागा वाचतोय. लेकराला उदंड आयुष्य लाभो. पण दोन घटना म्हंजे काय ते माझ्यासारख्या शेतकऱ्याला कळंल असं कुणीतरी सांगा.

पेशीपुराण (५ मार्च, सकाळी ७:०५)

मी फिलाडेल्फियात पेशीजीवशास्त्रात काम करतो. नुडसन १९७६ साली याच शहरातल्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात आले आणि शेवटपर्यंत इथलेच राहिले. जुलै २०१६ मध्ये ९३व्या वर्षी गेले. मी इथे आलो तेव्हा ते नव्हते, पण त्यांचं नाव इथे आजही घरातल्या मोठ्या माणसासारखं घेतात.

तांबडीमाती, जुन्या वाड्याचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. आतून वर कडी, खाली अडसर. दोन्ही निघाल्याशिवाय दार उघडत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत आरबी-१ नावाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पेशीला "आता विभाजन थांबव" असं सांगणं हे त्या जनुकाचं काम. एक प्रत बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोन्ही बिघडल्या की ती पेशी बेलगाम वाढते.

काही मुलं जन्माला येतात तीच अडसर नसलेली, आणि तीही प्रत्येक दारावर. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यात अशा लाखो पेशी. एवढ्या दारांपैकी एखाद्या दाराची कडी कधीतरी निघणारच. म्हणून त्यांना लवकर होतो, बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत आणि एकाहून जास्त ठिकाणी. बाकीच्या मुलांमध्ये एकाच दाराची कडीही निघावी आणि अडसरही, असा दुर्मीळ योग लागतो. म्हणून उशिरा आणि एकाच डोळ्यात. बाईंच्या आलेखातली सरळ रेषा पहिल्यांची, खांदा दुसऱ्यांचा.

तांबडीमाती (५ मार्च, सकाळी ७:४०)

आत्ता कसं! आमच्या जुन्या घराला दोन्ही हायत. लई धन्यवाद.

शंकासुर (५ मार्च, दुपारी १:१५)

धागाकर्तीच्या भाचीला शुभेच्छा. पण एक शंका राहवत नाही. ४८ मुलांवरून कर्करोगाचा सिद्धांत? आमच्या कारखान्यात ४८ नमुन्यांवर साधा बोल्ट पास करत नाहीत. मुलं आणखी आली असती तर रेषा वाकडी झाली नसती कशावरून?

गणितवाल्या_बाई (५ मार्च, रात्री ९:१०)

@शंकासुर, शंका रास्त आहे, मलाही आधी हेच वाटलं. पण नुडसन नुसत्या रेषांवर थांबले नाहीत. सदोष प्रत घेऊन जन्मलेल्या मुलाला दोन्ही डोळे मिळून सरासरी तीन गाठी होतात असा त्यांनी अंदाज केला. आता ही सरासरी घेऊन पॉयसाँचं वितरण लावा, म्हणजे सरासरीवरून एखादी गोष्ट शून्य, एक, दोन वेळा घडण्याची शक्यता काढायचं सूत्र. एकही गाठ न होण्याची शक्यता ई चा उणे तिसरा घात, म्हणजे सुमारे ५ टक्के. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला सरासरी दीड. एखादा डोळा कोरा राहण्याची शक्यता सुमारे २२ टक्के. मग दोन्ही डोळ्यांत होणारी सुमारे ६० टक्के, एकाच डोळ्यात होणारी सुमारे ३५ टक्के आणि अजिबात न होणारी ५ टक्के. मी काल वहीत स्वतः करून पाहिलं.

म्हणजे एकाच घरात एकाला दोन्ही डोळ्यांत, दुसऱ्याला एकात आणि तिसऱ्याला काहीच नाही, हे कोडं एका सरासरीने सुटतं. बोल्ट पास करण्यापेक्षा हे वेगळं काम आहे, असं माझं प्रामाणिक मत.

पेशीपुराण (६ मार्च, सकाळी ६:५०)

बाईंना शंभर टक्के अनुमोदन. भर एवढीच की हे भाकीत होतं आणि ते तपासता आलं. १९८३ मध्ये कॅव्हेनी, ड्रायजा, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी गाठीतल्या पेशी आणि त्याच मुलाचं रक्त शेजारी ठेवून दाखवलं की गाठीतून तेराव्या गुणसूत्राचा चांगली प्रत असलेला भाग नाहीसा झालाय. १९८६ मध्ये फ्रेंड, वाइनबर्ग आणि ड्रायजा यांच्या कामातून जनुकच हाती लागलं. कर्करोग रोखणारं जनुक वेगळं काढता आलं ते पहिल्यांदाच. तोवर सगळा शोध कर्करोग घडवणाऱ्या जनुकांचा चालला होता. नुडसन म्हणत होते की काहीतरी असल्याने नव्हे, नसल्याने हा रोग होतो. तपासणाऱ्यांनी पंधरा वर्षं घेतली आणि हिशेब जुळला.

घराण्यात चालतो हे मात्र फार आधीपासून माहीत होतं. ब्राझीलमध्ये इलारिओ द गोव्हेआ या डॉक्टरांनी १८७२ साली एका मुलाचा डोळा काढून त्याला वाचवलं. तो मोठा झाला, लग्न झालं आणि त्याच्या दोन मुलींना हाच आजार निघाला. तोवर ही मुलं वाचतच नसत, त्यामुळे पुढच्या पिढीचा प्रश्नच आला नव्हता.

शंकासुर (६ मार्च, सकाळी ९:३०)

पटलं. शंका मागे घेतो.

निशिगंध_७९ (६ मार्च, रात्री ११:२५)

इथे पहिल्यांदाच लिहितेय. वाचक म्हणून सात-आठ वर्षं आहे.

माझा मुलगा आठ महिन्यांचा असताना बारशाचे आणि उष्टावणाचे फोटो चाळत होते. फ्लॅशमध्ये त्याची उजवी बाहुली पांढरी दिसायची, मांजराच्या डोळ्यासारखी चकाकणारी. सासूबाई म्हणाल्या, कॅमेरा खराब असेल. तो थोडा तिरळाही बघायचा. आमच्या गावातल्या डॉक्टरांना दाखवलं तर "लहान मुलं बघतात अशी, मोठा झाला की जाईल" म्हणाले. आम्ही पाच महिने थांबलो. ते पाच महिने मी आजही मोजते.

नागपुरात पडदा तपासला तेव्हा दोन्ही डोळ्यांत गाठी. उजव्यात मोठी, डाव्यात दोन बारक्या. तिथून मुंबई. परळच्या फूटपाथवर रांगा, धर्मशाळेतली खोली, सहा वेळा केमो, दर महिन्याला भूल. उजवा डोळा गेला. डाव्याला लेझर करून वाचवला.

आज तो सतरा वर्षांचा आहे. मध्यंतरी चष्म्याच्या दुकानात माणूस म्हणाला, "उजवा डोळा झाका आणि वाचा." हा म्हणतो, "काका, त्याला कशाला झाकता, तो जन्माच्या सुट्टीवर आहे." दुकानातले सगळे गप्प, आणि हा एकटा खदखदून हसतोय.

गणितवाल्या बाई, तुमच्या बहिणीला सांगा, बाळाची तपासणी करा. भूल देताना पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. तरी करा.

काजवा (६ मार्च, रात्री ११:४०)

निशिगंधताई 🙏 तुमच्या लेकाला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

डॉ_खडीसाखर (७ मार्च, दुपारी ३:००)

मी नेत्रतज्ज्ञ आहे, पण कर्करोगाचा नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

निशिगंध यांनी सांगितलेली पांढरी बाहुली ही या आजाराची सगळ्यांत नेहमीची खूण. दुसरी तिरळेपणा. निरोगी डोळ्यात प्रकाश टाकला तर बाहुली लालसर-नारिंगी चमकते. फोटोत एकदा पांढरी दिसली म्हणून लगेच धसका घेऊ नये. कोन तिरका असेल तर पडद्यावरच्या नसेचा भाग उजळून तसं दिसतं, मोतीबिंदूतही दिसतं. पण बाहुल्यांचा विस्तार करणारे थेंब घालून पडदा बघितल्याशिवाय "काही नाही" असं कुठल्याही डॉक्टरने म्हणू नये. लहान मुलाच्या तिरळेपणाला "आपोआप जाईल" हे उत्तर देणं चूक आहे. आमच्या पेशात हे अजून घडतं याचं मला फार वाईट वाटतं.

बरेच नातेवाईक विचारतात की गाठीचा तुकडा काढून का तपासत नाही. डोळ्यात सुई घातली तर पेशी बाहेर पसरायची भीती असते. म्हणून डोळ्यात बघून, सोनोग्राफी आणि एमआरआय करूनच निदान करतात.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे. घरात कुणालाच नसणं हे या आजारात नेहमीचंच आहे. दहांपैकी जेमतेम एका मुलाच्या घरात आधी कुणाला असतं. पण साधारण चाळीस टक्के मुलांमध्ये दोष शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. बहुतेकांत तो शुक्रपेशीत, अंड्यात किंवा गर्भ रुजल्यावर नव्याने झालेला असतो. आईवडील निरोगी, तरी मूल अडसराविना. दोन्ही डोळ्यांत असेल तर ते मूल आनुवंशिक गटातलं धरतात. एकाच डोळ्यात असेल तर सातांपैकी सुमारे एक मूल त्या गटात निघतं. ते नुसतं बघून ओळखता येत नाही. त्यासाठी चाचणी.

पणती (७ मार्च, संध्याकाळी ६:४५)

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. वय पासष्ट. आयुष्यभर लग्नं जुळवताना आणि मोडताना पाहिली आहेत. मुलीच्या नावाने एकदा का "जनुकात दोष" असा कागद झाला की तो कुठून तरी बाहेर येतोच. पोरीला डोळा नाही हे एक वेळ सांभाळून घेतील, पण "पुढच्या पिढीत जाईल" हे शब्द कुणी गिळणार नाही. बाळाचे डोळे तपासा, जरूर तपासा. मोठीची चाचणी कशाला? जे कळून काही बदलत नाही ते कळून घेऊ नये.

गणितवाल्या_बाई (७ मार्च, रात्री ८:३०)

पणतीताई, राग अजिबात नाही. माझी आईही अगदी हेच म्हणते, म्हणून तुमचं वाचून डोळे भरून आले. माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

मांडवी (८ मार्च, सकाळी १०:१५)

पणतीताईंना मी उत्तर देते, कारण ती मुलगी मी आहे.

मी फोंड्याची. वय ४१. अकरा महिन्यांची असताना माझा डावा डोळा काढला. एकच डोळा, घरात कुणाला नाही, म्हणजे बाईंच्या भाचीसारखंच. त्या काळी चाचणी नव्हती. मोठी झाल्यावर मी स्वतः करून घेतली. रक्तात दोष सापडला. वरच्या हिशेबातल्या पस्तीस टक्क्यांतली मी.

लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याआधी एका स्थळाने नकार दिला होता. तो नकार आठवला की आजही मला बरंच वाटतं. मुलीच्या वेळी आम्हाला ठाऊक होतं की पन्नास टक्के शक्यता आहे. गरोदरपणीच डॉक्टर ठरवून ठेवले. तिचा जन्म झाला, तिसऱ्या आठवड्यात पडदा बघितला. उजव्या डोळ्यात मोहरीच्या दाण्याहून लहान गाठ. लेझर. सहाव्या महिन्यात डाव्यात एक, पुन्हा लेझर. आज ती नऊ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांनी बघते आणि मासे खाताना माझ्याआधी काटा शोधून देते.

ताई, कळून काही बदलत नाही म्हणता? माझा आजार कळला तेव्हा डोळा काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. तिचा कळला तेव्हा गाठ मोहरीएवढी होती. आमच्या दोघींत एवढंच अंतर आहे.

पणती (८ मार्च, दुपारी १२:०५)

मांडवी, बाळा, माझे शब्द मागे घेतले. लेकीची दृष्ट काढ आज माझ्या नावाने.

अणुशक्तीनगरी (८ मार्च, रात्री ९:००)

थोडं अवांतर, पण अभिमानाचं म्हणून लिहितो. मध्यम आकाराच्या गाठींवर आणखी एक उपाय असतो: डोळ्याच्या बुबुळामागच्या पांढऱ्या भागावर, बाहेरून, गाठीच्या बरोब्बर मागे किरणोत्सारी चकती काही तास किंवा दिवस टाके घालून ठेवायची आणि मग काढून घ्यायची. त्यासाठी रुथेनियम-१०६ वापरतात. हे रुथेनियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या वापरून झालेल्या कचऱ्यातून वेगळं काढलं आणि चांदीच्या चकत्या इथेच बनवल्या. दिल्लीच्या एम्समध्ये त्या वापरल्या गेल्या. त्याचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत जातात, त्यामुळे पलीकडचा मेंदू आणि चेहऱ्याची हाडं वाचतात. परदेशी चकती आणायची तर केवढा खर्च!

डॉ_खडीसाखर (८ मार्च, रात्री ९:३५)

@अणुशक्तीनगरी, हे इथे आलं ते फार चांगलं झालं. पूर्वी बाहेरून अख्ख्या डोळ्यावर किरणोपचार द्यायचे. डोळा वाचायचा, पण आनुवंशिक गटातल्या मुलांना त्याच भागात पुढे दुसरा कर्करोग व्हायचा धोका खूप वाढायचा. त्यांच्या हाडांच्या आणि स्नायूंच्या पेशींतही अडसर नसतोच, त्यात किरणांनी कड्या काढायला सुरुवात केली. नुडसन यांचं गणित समजलं की हेही समजतं. आता तो उपचार शक्यतो टाळतात, आणि या गटातल्या मुलांचं सीटी स्कॅनही टाळून एमआरआय करतात.

म्हणून चाचणीचा उपयोग नुसता पुढच्या पिढीसाठी नाही. त्या मुलीच्या उरलेल्या डोळ्यावर किती बारीक लक्ष ठेवायचं आणि पुढे पाय दुखला तर तो किती गांभीर्याने घ्यायचा, हेही त्यावरून ठरतं.

काजवा (९ मार्च, सकाळी ११:२०)

मी संभाजीनगरला जैवतंत्रज्ञान शिकते. आमच्या पुस्तकात नुडसन अर्ध्या पानात संपतात, इथे जास्त कळलं. दोन शंका आहेत.

एक, उंदरांमध्ये आरबी जनुकाची एक प्रत काढली तर त्यांना डोळ्याचा नाही, पिट्युटरी ग्रंथीचा कर्करोग होतो असं वाचलं. मग "दोन घाव की गाठ", म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या की गाठ, हे पुरेसं कसं?

दोन, त्याच १९७१ साली बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. पुढच्या वर्षीचा त्यांच्या गटाचा प्रयोग सशाच्या डोळ्यातला आहे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात तरंगत ठेवलेले गाठीचे कण एक मिलिमीटरच्या आतच अडकून राहिले, आणि रक्तवाहिन्यांजवळ बुबुळावर टेकवले की भराभर वाढले. मग नुडसन खरे की फोकमन?

पेशीपुराण (१० मार्च, सकाळी ६:३०)

काजवा, दोन्ही प्रश्न उत्तम आहेत. दोघेही खरे. नुडसन सांगतात गाठ सुरू कशी होते, फोकमन सांगतात सुरू झालेली गाठ मोठी कशी होते. रेटिनोब्लास्टोमात दोघांची गाठ पडते. गाठीतून सुटलेले कण डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत तरंगत राहतात. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ते मोठे होत नाहीत, पण मरतही नाहीत, आणि रक्तातून दिलेलं केमो त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आता निवडक मुलांना मेल्फलान हे औषध फार काळजीपूर्वक, पेशी बाहेर येऊ नयेत अशा पद्धतीने, थेट त्या जेलीत देतात.

उंदरांचं म्हणशील तर तुझा आक्षेप खरा आहे. उंदराच्या पडद्यात दुसरी संबंधित प्रथिनं आरबीचं काम सांभाळून घेतात. माणसात तसं होत नाही. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की माणसाच्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी घडत असतानाच्या टप्प्यात आरबी गेलं तर त्या वाढत सुटतात. तो टप्पा संपला की धोकाही ओसरतो, म्हणून पाच वर्षांनंतर हा आजार विरळा. आणखी एक: एका डोळ्याच्या मोजक्या गाठींत, शंभरात एक-दोन, आरबी अगदी शाबूत असतं आणि एमवायसीएन नावाचं दुसरंच जनुक वाढलेलं असतं. कॅनडातल्या गॅली यांच्या गटाने हे २०१३ मध्ये मांडलं. म्हणजे दोन घाव हा पाया, त्यावरचं बांधकाम अजून चालू आहे.

बाकी आरबी फक्त डोळ्यापुरतं नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू आपल्या ई-७ प्रथिनाने याच आरबीला पकडून निकामी करतो. स्तनाच्या कर्करोगावर २०१५ पासून आलेली पाल्बोसायक्लिबसारखी औषधं आरबीचा लगाम पुन्हा आवळतात. दुर्मीळ बालआजारावरची ती चार पानं आज कितीतरी बायकांच्या औषधाच्या गोळीपर्यंत पोचली आहेत.

काजवा (१० मार्च, सकाळी ८:१५)

दादा, वाचनखूण साठवली. आमच्या सरांना दाखवते.

गणितवाल्या_बाई (१४ मार्च, रात्री १०:००)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मांडवी यांचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डॉक्टरांना फोन केला.

आता अडचण अशी की लॅबवाले म्हणतात, नुसत्या रक्तापेक्षा गाठीचा नमुना असेल तर बरं. डोळा काढून वर्ष झालं. आता गाठ कुठून आणायची?

डॉ_खडीसाखर (१४ मार्च, रात्री १०:२५)

जिथे शस्त्रक्रिया झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात चौकशी करा. काढलेला डोळा मेणात बसवून ठोकळा करून ठेवतात. पॅराफिन ब्लॉक म्हणून मागा, बायोप्सीचा क्रमांक बरोबर न्या.

कारण असं: आधी गाठीत दोन्ही घाव कुठले ते शोधतात, मग नेमके तेच रक्तात आहेत का ते बघतात. हरवलेल्या माणसाचा फोटो हातात घेऊन गर्दीत शोधण्यासारखं. नुसत्या रक्तात शोधायचं म्हणजे फोटोशिवाय शोधणं.

वऱ्हाडी_ठेचा (१५ मार्च, सकाळी ७:५०)

बाप्पा, डॉक्टर कसं समजावून सांगतात! प्रत्येक गावात असा एक पाहिजे.

निशिगंध_७९ (१५ मार्च, सकाळी ९:१०)

बाई, ब्लॉक मिळाला की पावती जपून ठेवा आणि काम झालं की परत मागा. आम्ही दोनदा खेपा घातल्या. शिवाय फोटोंमधून पांढरी बाहुली शोधणारं एक मोफत ॲप आहे. टेक्सासच्या ब्रायन शॉ या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलंय. त्यांच्या मुलालाही हाच आजार. नंतर त्यांनी जुने फोटो काढून पाहिले तर मुलगा १२ दिवसांचा असतानाच्या फोटोतही पांढरी झाक होती. तपासणीच्या बदल्यात नाही, पण जोडीला ठेवा.

गणितवाल्या_बाई (२ मे, दुपारी ४:४०)

धागा वर काढतेय. ब्लॉक तिसऱ्या खेपेला मिळाला. काल अहवाल आला. जसाच्या तसा सांगते: गाठीत आरबी-१ मध्ये एक बदल सापडला. दुसऱ्या प्रतीबद्दल लिहिलंय की ती गाठीत नाहीच, बिघडलेल्या प्रतीचीच नक्कल झालेली दिसते. रक्तात तो बदल सापडला नाही. दुसरं वाक्य बहिणीला कळलं नाही, मलाही अर्धवटच.

पेशीपुराण (२ मे, संध्याकाळी ७:३०)

बाई, ते दुसरं वाक्य म्हणजे १९८३चा शोध तुमच्या भाचीच्या अहवालात. चांगली प्रत असलेला गुणसूत्राचा तुकडा पेशी दुभंगताना हरवला आणि त्याच्या जागी वाईट प्रतीची नक्कल बसली. कडी निघाली ती अशी.

रक्तात नाही याचा अर्थ दोन्ही घाव बहुधा त्या डोळ्यातल्या एकाच पेशीत झाले. थोड्याच पेशींत लपलेला दोष रक्ताच्या चाचणीला चुकवू शकतो, ती बारीकशी शक्यता उरते. तिच्याबद्दल आणि बाळाबद्दल समुपदेशक सांगतील ते ऐका.

गणितवाल्या_बाई (२ मे, रात्री ९:१५)

आज समुपदेशकांना भेटून आलो. त्या म्हणाल्या, बाळाला दर महिन्याला भूल द्यायची गरज नाही. जन्मल्यावर थेंब घालून एकदा पडदा बघायचा, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा साधी तपासणी. मोठीच्या उजव्या डोळ्याचं वेळापत्रकही सैल केलं. पुढे तिला मुलं झाली तर त्यांचे डोळे मात्र जन्मतःच बघायचे, ते तिच्या फाइलवर लिहून घेतलंय. आई फाइल हातात घेऊन बराच वेळ बसली होती. म्हणाली, "हे तिला मोठी झाल्यावर मीच समजावून सांगेन."

पणती (३ मे, सकाळी ८:००)

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मांडवी (३ मे, सकाळी ९:२०)

किती बरं वाटलं वाचून! भाचीला म्हणावं, फोंड्याला एक मावशी आहे, सुट्टीत ये.

गणितवाल्या_बाई (२९ मे, रात्री १०:३०)

बहिणीला गेल्या आठवड्यात मुलगा झाला. आज पडदा तपासला. डॉक्टरांनी मलाही दाखवलं, दोन्ही बाहुल्या पिकल्या आंब्यासारख्या केशरी. मोठी शेजारी उभी राहून "माझा पण बघा" म्हणत होती. तिचाही बघितला. स्वच्छ आहे.

तांबडीमाती (२९ मे, रात्री १०:३५)

अभिनंदन बाई! नाव काय ठेवलं?

गणितवाल्या_बाई (२९ मे, रात्री १०:४१)

बारसं रविवारी आहे. सध्या मोठी त्याला "माझं बाळ" म्हणते आणि दुसरं नाव ऐकून घेत नाही.